भीड न ठेवता विश्वस्तपद कसं सांभाळावं

हस्तकलेच्या संस्थेत विश्वस्त होण्याचं बोलावणं बहुधा वर्ग सुटताना येतं, हात अजून मातीने माखलेले असताना. "इतकी वर्षं येताय, मंडळावर या ना. फारसं काम नसतं." काम असतं. आणि त्यात मातीचा संबंध फार कमी येतो.

मी हिशेबाच्या बाजूने आले. चाकावर मला अजून सरळ वाटी काढता येत नाही, पण खजिनदार म्हणून माझं त्यावाचून कधी अडलं नाही. कुंभारकाम, विणकाम, सुतारकाम आणि छपाई एका छपराखाली चालवणाऱ्या संस्थेचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले, मग अध्यक्षही झाले. एवढ्या काळात एक मत पक्कं झालं: अशा संस्था अफरातफरीपेक्षा भिडेने जास्त बुडतात. सगळे एकमेकांचे मित्र, अर्धेअधिक जण फुकट राबणारे, मग नको ते विचारायचं कुणी? त्यामुळे पुढे जे सांगतेय त्याचा रोख एकच आहे. अवघड प्रश्न माणसाच्या तोंडी येण्याआधी नियमानेच विचारलेला असावा, म्हणजे कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

हो म्हणण्याआधी

नियमावली, गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि वर्षभराच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या. नियमावलीत आधी उद्देशाचं कलम शोधा. तिथे 'परिसरातल्या लोकांना हस्तकला शिकवणे' असं असेल आणि संस्था प्रत्यक्षात चार निष्णात कलाकारांना स्वस्तात स्टुडिओ भाड्याने देत असेल, तर हा गुंता तुमच्याच गळ्यात येणार आहे. इतिवृत्तात मी वेगळंच शोधते: कुणी कधी विरोधात बोललं का? दरवेळी सगळे ठराव 'चर्चेअंती एकमताने' मंजूर होत असतील तर चर्चा झालेलीच नसते. कागद द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबा.

शिवाय संस्था कायद्याने कोणत्या रूपात आहे ते विचारा. तिला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असेल तर करार आणि कर्ज सहसा संस्थेच्या नावावर राहतं. नुसती समिती असेल तर भट्टीच्या करारावर सही करणाऱ्याच्या अंगाशी ते येऊ शकतं. नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून हे वकिलाकडून लेखी घ्या.

मंडळ कसं असावं

पाच ते नऊ माणसं पुरतात. सगळेच कलाकार नकोत. हिशेब कळणारं एक, इमारत आणि करार कळणारं एक, सध्या वर्गात शिकत असलेलं एक, आणि कलेतलं ओ की ठो कळत नसलेलं एक. हा शेवटचा माणूस फार मोलाचा असतो. "आपल्याला सहा चाकं कशाला लागतात?" हे तोच विचारू शकतो.

मुदत तीन वर्षांची, फार तर लागोपाठ दोन वेळा, आणि सगळे एकदम निवृत्त होणार नाहीत अशी पाळी लावलेली. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, या तिन्हींचं उत्तर 'न फिरवल्यामुळे' हे आपण लहानपणीच शिकतो. मंडळाची गोष्ट निराळी नाही. मुदतीचा नियम संस्थापकांनाही लागू हवा. त्यांना मानाचं स्थान द्या, सल्लागार करा, प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते करा, पण मत देण्याचा हक्क मुदतीबरोबर संपला पाहिजे. हा नियम संस्थापक खुर्चीत असतानाच, त्यांच्याच सहीने करून घ्यावा. नंतर केला तर तो त्यांच्याविरुद्धचा कट दिसतो.

हितसंबंध

इतर संस्थांमध्ये हितसंबंधांची भानगड कधीमधी उद्भवते. आपल्याकडे ती रोजची. विश्वस्त कुंभार असतो, त्याच्या वाट्या संस्थेच्या दालनात विकायला असतात, तो शनिवारी मानधन घेऊन शिकवतो, आणि वार्षिक प्रदर्शनाच्या निवड समितीवरही तोच. यात लबाडी नसते. गाव लहान, कलाकार मोजके, त्यामुळे असं होणारच. नोंद मात्र हवी.

एक नोंदवही ठेवा. प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून एकदा त्यात लिहायचं: संस्थेकडून मला काय मिळतं, माझ्या घरच्यांना काय मिळतं, मी कुणाकडून माल घेतो. सभेच्या सुरुवातीला अध्यक्षाने विचारायचं, "आजच्या विषयांत कुणाचे हितसंबंध आहेत का?" हा प्रश्न दर सभेला, विषय साधा असला तरी विचारायचा. एखाद्याच वेळी विचारलात तर तो आरोप वाटतो. समजा नवी भट्टी घ्यायची आहे आणि एका विश्वस्ताचा भाचा भट्ट्या विकतो. त्या विश्वस्ताने माहिती द्यावी, चर्चेआधी खोलीबाहेर जावं, उरलेल्यांनी तीन ठिकाणची दरपत्रकं पाहून ठरवावं. भाच्याची भट्टी सर्वांत चांगली ठरली तर खुशाल घ्या. कोण बाहेर गेलं, गणपूर्ती (ठरावासाठी लागणारी किमान हजेरी) उरली होती का, आणि हीच भट्टी का घेतली, हे इतिवृत्तात आलं की झालं. विश्वस्तांना मानधन घेता येतं की नाही ते मात्र नियमावली आणि कायदा ठरवतो, मंडळाची मर्जी नव्हे.

पैसा

खजिनदाराकडून बँकेतली शिल्लक ऐकून माना डोलावू नका. ती शिल्लक फोडून मागा. समजा खात्यात 100 दिसतात. त्यातले 40 मागांसाठी म्हणून आलेली देणगी आहे, ते मागांवरच खर्च करता येतात. 25 ही पुढच्या सत्राची आगाऊ फी, वर्ग रद्द झाला तर परत द्यावी लागेल. 15 दालनात विकल्या गेलेल्या वस्तूंचे, कमिशन वजा जाता कारागिरांचं देणं. उरले 20. छप्पर गळत असेल तर ते या 20 मधून. महिन्याचा ठरलेला खर्च 10 असेल, तर तुमची संस्था दोन महिने तग धरू शकते. तीन ते सहा महिन्यांचा राखीव निधी असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. आकडा किती ते मंडळाने ठरवून, कारणासकट लिहून ठेवावं.

कारागिरांचे ते 15 मला सगळ्यांत जास्त छळतात. विक्रीसाठी ठेवायला दिलेला माल संस्थेचा नसतो, त्याचे आलेले पैसेही संस्थेचे नसतात, पण ते एकाच खात्यात पडले की आपलेच वाटू लागतात. शक्य असेल तर वेगळं खातं काढा आणि दर महिन्याला चुकते करा. विमा काढताना दुसऱ्यांचा माल त्यात धरलाय का तेही पाहा.

वर्गांचं गणित प्रत्येक विश्वस्ताला यायला हवं. समजा शिक्षकाचं मानधन, जागा आणि भट्टी मिळून 60. माणशी माती आणि ग्लेझ (भांड्यांवरचा काचेसारखा लेप) 2. फी 12. म्हणजे सहा जण आले की बरोबरी. चारच येतात आणि तरीही वर्ग चालवायचा आहे? चालवा. ज्येष्ठांसाठीचा वर्ग आम्ही तोट्यात चालवत होतो, ठराव करून, आणि तोट्याची मर्यादा ठरवून. तोटा कुणी मोजतच नसेल तर मात्र ते औदार्य नाही.

मोठ्या जागेचा मोह झाला की मी ॲशबींचं नाव घेते. चार्ल्स रॉबर्ट ॲशबी या इंग्रज वास्तुविशारदाने 1888 मध्ये लंडनच्या पूर्व भागात 'गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट' हा कारागिरांचा संघ सुरू केला. 1902 मध्ये कारागीर, त्यांची कुटुंबं असा सगळा लवाजमा चिपिंग कॅम्पडन या लहानशा गावी हलवला. ती काही धर्मादाय संस्था नव्हती, पण धडा आपल्यालाही लागू आहे. काम उत्तम होतं. गिऱ्हाईक मात्र लंडनमध्ये राहिलं. मंदीत कारागिरांना शहरात दुसरीकडे काम मिळायचं, गावात ती सोय नव्हती, आणि त्याच धाटणीचा स्वस्त माल बाजारात येत होता. 1908 पर्यंत ते सगळं गुंडाळावं लागलं. नव्या जागेचा प्रस्ताव आला की आधी विचारा, आपली माणसं तिथवर येतील का?

भट्टी, धूळ, चिंध्या

इथे विश्वस्ताने स्वतः झाडू घ्यायचा नाही. मुळात कोरडा झाडू कुणीच घ्यायचा नाही: सुकलेल्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून सुतारकामात झाकणाचा धातूचा डबा हवा. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी कडक भाजलेल्या भांड्यांची, भट्टी 1200 अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा ती कोण लावतं, कोण बंद करतं, धूर कुठून बाहेर जातो, हे कागदावर हवं. लहान मुलांच्या वर्गात एकच मोठं माणूस कधीच नको. मंडळाने वर्षातून एकदा विचारायचं: हे कुणी तपासलं, कधी, नोंद कुठे आहे? तोंडी "सगळं ठीक आहे" हे उत्तर धरायचं नाही.

व्यवस्थापक आणि तुम्ही

मंगळवारी तुम्ही विणकाम शिकवत असाल तर त्या दिवशी तुम्ही व्यवस्थापकाच्या हाताखाली आहात. ताणा कुठला मागवायचा हे तो ठरवेल. विश्वस्त म्हणून तुमचा अधिकार फक्त सभेत, सगळ्यांबरोबर. जाता जाता विद्यार्थ्याला फी माफ करणं, शिक्षकाला "बघतो मी" म्हणणं, हे सगळ्यांत चांगल्या मनाचे विश्वस्त करतात आणि व्यवस्थापक नोकरी सोडून जातो.

सभा तीन महिन्यांतून एकदा तरी. कागद आठवडाभर आधी. ठराव लिहिताना काय, कोण आणि कधीपर्यंत हे तिन्ही हवंच. 'पाहू' असं लिहिलं की ते कुणीच पाहत नाही.

देणगीत येणाऱ्या वस्तूंसाठी पण लेखी धोरण करा. कुणाची तरी आई जाते आणि तिचा भलामोठा माग दारात येतो. नाही म्हणवत नाही. मग तो माग जागा खातो, वर्गातली दोन आसनं जातात, आणि विकायचा म्हटलं तर घरच्यांना दुखावल्यासारखं होतं. 'आलेली वस्तू संस्था वापरेल, विकेल किंवा दुसऱ्या संस्थेला देईल' या ओळीवर आधी सही, मग टेम्पो.

विश्वस्त निवृत्त होताना किल्ल्या, पासवर्ड, करारांच्या मूळ प्रती आणि अर्धवट कामांची यादी पुढच्याच्या हाती द्यायची, आणि बदलाची नोंद संबंधित सरकारी कार्यालयात करायची. बँकेतली जुनी सही रद्द झाल्याची पोच येईपर्यंत निरोपसमारंभाची तारीख धरू नका.