बेने इस्रायल घराण्याची मुळं शोधताय? आधी तहसील, मग जेरुसलेम

माझी शाळेतली मैत्रीण ठाण्याची, बेने इस्रायल (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिच्या मुलाला शाळेत घराण्याचा प्रोजेक्ट होता आणि पणजोबांच्या मागे कोणालाच काही सांगता येईना, म्हणून इथली धावपळ माझ्या गळ्यात पडली. दोन वर्षं गेली त्यात. शिकलो ते लिहून ठेवतो, कारण बहुतेक लोक पहिल्याच दिवशी परदेशी वेबसाइटवर नाव टाकतात, काही सापडत नाही आणि मग सोडूनच देतात.

सुरुवात आडनावापासून करा. रोहेकर म्हणजे रोहा, पेणकर म्हणजे पेण, चेऊलकर चौल, अष्टमकर रोह्याजवळची अष्टमी, किहीमकर (जुन्या कागदांत केहिमकर) अर्थातच किहीम. अशी शंभराच्या वर आडनावं आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या मागे कुलाब्यातलं, म्हणजे आजच्या रायगडातलं एखादं गाव आहे. गाव कळलं की तालुका कळतो आणि कोणत्या ऑफिसात जायचं तेही कळतं. गोची अशी की इंग्रजी कागदात आडनाव पुष्कळदा गायबच असतं, नुसतं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, त्यामुळे एकच माणूस दोन ठिकाणी दोन वेगळी माणसं वाटतो.

नावांचं तर आणखी. बायबलमधली नावं कोकणात येऊन पार मराठी झाली, सॅम्युएलचा समाजी, इझिकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतली पहिली सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये ज्यांनी बांधली ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर कागदोपत्री समाजी हसाजी दिवेकर म्हणूनही दिसतात. तेव्हा शोधताना प्रत्येक नावाची दोन्ही रूपं कागदावर लिहून खिशात ठेवा.

मग तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम. कुणबी नोंदी शोधायला लोकांनी जी कोतवाल बुकं आणि गाव नमुना १४ची जन्म-मृत्यू रजिस्टरं पालथी घातली, तीच तुम्हालाही बघायची आहेत. जातीच्या रकान्यात 'ज्यू' शोधत बसू नका. तिथे शनवार तेली, इस्राएल, बेने इस्रायल, यहुदी असं काहीही असू शकतं. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर मिळालं तर तेही बघा, त्यात जन्मतारीख, बापाचं नाव, जात सगळं एका ओळीत असतं. जमीन होती असं घरात कोणी म्हणत असेल तर जुने फेरफार काढा, पण बरंच काही मोडीत असतं. मोडी येत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, तिथे मोडीचे वर्ग होतात, वाचून देणारं कोणीतरी भेटतंच.

सिनेगॉगला जाताना आधी फोन करून मुकादमांशी (सिनेगॉगचा कारभार बघणाऱ्यांशी) बोला, सरळ रजिस्टर मागू नका. चहा घ्या, कुठल्या घराण्यातले ते सांगा, मग कपाट उघडतं. अलिबागची मागेन अबोथ १८४८ची, इस्राएल आळीत आहे, पनवेलची बेथ एल १८४९ची, ठाण्याची १८७९ची, पुण्यात रास्ता पेठेतली सुक्कथ शेलोमो. एका ठिकाणी मात्र लग्नाच्या वहीला वाळवी लागलेली, अर्धी पानं चाळणी झालेली, आणि आम्हाला हवं ते वर्ष अर्थातच त्या अर्ध्यात.

आमचा खरा तिढा सुटला तो कबरस्तानात. मैत्रिणीच्या खापरपणजोबांच्या दगडावर मराठी ओळ झिजून गेलेली, हिब्रू तेवढी शाबूत. वर्षाच्या जागी चार अक्षरं होती, ताव, रेश, सामेख, आलेफ. हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करतात: ताव ४००, रेश २००, सामेख ६०, आलेफ १, बेरीज ६६१. हजारचा आकडा दगडावर सहसा लिहीत नाहीत, ते ज्यू कालगणनेचं वर्ष ५६६१. बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन, म्हणजे १९०१ (त्यांचं वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एक वर्ष कमी धरा). आणि 'बेन' (मुलगा) या शब्दापुढे बापाचं नाव होतं येहेज्केल, म्हणजे इझिकिएल. आम्ही सहा महिने ज्या 'हसाजी'च्या मागे होतो तो हाच! दगडावर खडू-पीठ काही चोळू नका, मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, अक्षरं उठून दिसतात.

आता लायब्रऱ्या. कुलाबा जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटियर ऑनलाइन फुकट आहे, एकदा वाचाच. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा. शेजारी डेव्हिड ससून लायब्ररी आहे, नाव बघून आत शिरू नका (मी शिरलो होतो), ससून बगदादी ज्यू (बगदादकडून आलेले, बेने इस्रायल नव्हेत) आणि लायब्ररी सर्वसाधारण. तुमचं घराणंच बगदादी असेल तर वाट वेगळी, फोर्टातली केनेसेथ एलियाहू, भायखळ्याची मागेन डेव्हिड, चिंचपोकळीचं कबरस्तान.

लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं (भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचं) दफ्तर आहे, पण तिथल्या जन्म-लग्नाच्या नोंदी मुख्यतः चर्चच्या, आपली माणसं क्वचितच. घरात कोणी बॉम्बे आर्मीत सुभेदार-बिभेदार होतं असं असेल तरच लष्कराच्या कागदांमागे लागा. जेरुसलेमला मात्र काम होतं. सेंट्रल झायोनिस्ट आर्काइव्ह्जमध्ये इस्रायलला गेलेल्यांच्या याद्या असतात, नॅशनल लायब्ररीत जगभरच्या ज्यू समाजांची दफ्तरं, आणि तिकडच्या नातेवाईकांना 'मायबोली' या मराठी मासिकाचे जुने अंक माळ्यावर शोधायला सांगा.

शेवटचं एक, फोटो काढताना आधी रजिस्टरचं कव्हर काढा, मग पान नंबर, मग नोंद. आम्ही नुसती नोंद काढली आणि सर्टिफाइड नक्कल मागायला गेलो तर कुठल्या वहीतली तेच सांगता येईना, आणि ऐन जुलैत मांडव्याची लाँच बंद असताना एसटीने धक्के खात परत अलिबाग गाठावं लागलं.