प्रोटीन-ए आणि प्रोटीन-जी वापरताना या चुका टाळा

स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या पेशीभित्तिकेवरील प्रोटीन-ए मानवी प्रतिपिंडाला मुख्यतः त्याच्या शेपटाकडे, म्हणजे एफसी भागात धरते. त्यामुळे प्रतिपिंड जिवाणूवर उलटे बसते आणि भक्षक पेशींना ज्या भागाला धरून जिवाणू गिळायचा तो भागच त्यांच्या हाती लागत नाही. जिवाणूच्या बचावाची ही युक्ती आज प्रयोगशाळांत प्रतिपिंडे शुद्ध करण्यासाठी सर्रास वापरली जाते. तरीही कोणते प्रथिन प्रतिपिंडाचा नेमका कोणता भाग धरते, हे पाहण्याआधीच कॉलम, म्हणजे असे प्रथिन चिकटवलेल्या कणांची (रेझिनची) नळी, भरला जातो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रोटीन-ए सर्व मानवी आयजीजी (रक्तातील प्रतिपिंडांचा मुख्य वर्ग) धरते असे गृहीत धरणे. आयजीजी-1, 2 आणि 4 हे उपवर्ग ते घट्ट धरते. आयजीजी-3 मात्र बहुतांशी कॉलममधून तसेच वाहून जाते. प्रोटीन-ए जिथे बसते त्या एफसीतील सीएच-2 आणि सीएच-3 या भागांच्या सांध्यावर, 435 व्या स्थानी, इतर तीन उपवर्गांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असते, तर आयजीजी-3 च्या बहुतेक प्रकारांत तिथे आर्जिनिन असते. (याच बदलामुळे आयजीजी-3 रक्तात इतर उपवर्गांपेक्षा कमी काळ टिकते, कारण प्रतिपिंडांना पेशीत विघटनापासून वाचवणारा ग्राहकही याच जागी जोडला जातो.) आयजीजी-3 हवे असेल तर प्रोटीन-जी निवडावे; क आणि ग गटांच्या स्ट्रेप्टोकोकसमधून मिळालेले हे प्रथिन मानवी आयजीजीचे चारही उपवर्ग धरते. मूळ प्रोटीन-जी अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनालाही चिकटते, म्हणून सीरमसाठी अल्ब्युमिन धरणारे भाग काढून टाकलेले पुनर्संयोजित रूपच घ्यावे. उत्पादन कमी आले की रेझिनला दोष देण्याआधी कॉलममधून वाहून गेलेला द्रव जेलवर चालवून (प्रथिने आकारानुसार वेगळी करून) पाहावा आणि तोवर तो फेकू नये.

पपेन या विकराने आयजीजीचे तुकडे केल्यावर एफसी कॉलमवर राहील आणि फॅब (प्रतिजनाला, म्हणजे लक्ष्याला, धरणारा भाग) खाली येईल, हा हिशेबही नेहमी जुळत नाही. व्हीएच-3 कुळातील जड साखळी (प्रतिपिंडाच्या दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांपैकी मोठी) असलेले फॅब प्रोटीन-एला चिकटते, आणि मानवी प्रतिपिंडांत हे कूळ विपुल आहे. आयजीएम आणि आयजीए या वर्गांची काही प्रतिपिंडे प्रोटीन-एवर अडकतात तेही याच कारणाने. प्रोटीन-जीकडे वळल्याने प्रश्न सुटतोच असे नाही, कारण तेही फॅबच्या सीएच-1 भागाला जोडले जाते. फॅब धरूनच ठेवायचे असेल तर फायनगोल्डिया मॅग्ना या जिवाणूचे प्रोटीन-एल उपयोगी पडते. मात्र ते कॅपा या प्रकारच्या हलक्या साखळीच्या ठरावीक उपकुळांनाच धरते आणि लॅम्डा साखळीला मुळीच धरत नाही, त्यामुळे साखळीचा प्रकार माहीत नसताना त्यावर विसंबू नये.

बंध सोडवताना घाई नको. प्रोटीन-एवरून प्रतिपिंड साधारणपणे 3 ते 3.5 पीएचला सुटते, प्रोटीन-जीला बहुधा त्याहून आम्ल, 2.5 ते 2.8 पीएचचे बफर लागते. इतक्या आम्लात प्रतिपिंडांचे गोळे होऊ शकतात, म्हणून द्रव गोळा करायच्या नळ्यांत 1 मोलर ट्रिस हे आम्ल शमवणारे बफर (पीएच 8 ते 9) आधीच घालून ठेवावे. द्रव गढूळ झाल्यावर ट्रिस घालून गोळे परत विरघळतीलच असे नाही.

प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी गाईच्या वासराचे सीरम घालून वाढवल्या असतील, तर त्यातले आयजीजीही प्रोटीन-जीवर बसते आणि उत्पादन फसवे मोठे दिसते.

शेवटची चूक निदान आणि संशोधन या दोन्ही ठिकाणी घातक ठरते. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या पृष्ठभागावरील एखादे प्रथिन सशाच्या प्रतिपिंडाने (चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने) शोधताना दिसणारी चमक त्या प्रथिनाची नसून प्रोटीन-एने एफसी धरल्याची असू शकते. याच जिवाणूचे एसबीआय हे दुसरे प्रथिनही प्रतिपिंडे धरते, म्हणून केवळ प्रोटीन-एचे जनुक काढलेला वाण वापरल्याने शंका पूर्ण मिटत नाही. प्रतिजनाशी संबंध नसलेले त्याच प्रजातीचे आयजीजी नियंत्रण म्हणून प्रत्येक वेळी लावावे, आधी असंबद्ध आयजीजीने त्या जागा भरून घ्याव्यात, आणि शक्य असेल तिथे कोंबडीचे आयजीवाय हे प्रतिपिंड वापरावे, कारण प्रोटीन-ए त्याला धरत नाही. नियंत्रणातही तीच चमक दिसली, तर तो निकाल अहवालात जाता कामा नये.