लाल थेंबांची दंतबुरशी ओळखताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की साताऱ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक छायाचित्र हमखास फिरू लागते: पांढरट, मखमली भूछत्र, त्यावर रक्तासारखे लालभडक थेंब आणि खाली ‘महाबळेश्वरच्या जंगलात सापडले’ अशी ओळ. चित्र खरे असते, ओळ मात्र खोटी. ही हायड्नेलम पेकी नावाची दंतबुरशी. न्यूयॉर्क राज्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पेक यांचे नाव मिळालेली ही बुरशी उत्तर अमेरिका आणि युरोपातील सूचिपर्णी जंगलांत जमिनीवर उगवते.

पहिली चूक झाड न पाहण्याची. या बुरशीचे तंतू पाइन, स्प्रूस अशा झाडांच्या मुळांना लपेटून राहतात, त्यांना पाणी व क्षार पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. महाबळेश्वरचे जंगल जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे आहे. पाचगणीचा सिल्व्हर ओक आणि सुईसारख्या बारीक फांद्यांचा सुरू यांना लोक खुशाल पाइनच्या पंगतीत बसवतात, पण दोन्ही सपुष्प वृक्ष आहेत, सूचिपर्णी नव्हेत.

दुसरी आणि सर्वांत मोठी चूक थेंबांवर भरवसा ठेवण्याची. ओलावा भरपूर असला की कोवळ्या बुरशीतील जादा पाणी रंगद्रव्यासह बाहेर ढकलले जाते, तेच हे थेंब. जून झालेली बुरशी कोरडी, तपकिरी आणि अगदी सामान्य दिसते. उलट, इतर अनेक बुरशांनाही थेंब सुटतात. पाचगणीच्या वाटेवर एका कुजक्या ओंडक्यावर तांबूस थेंबांची बुरशी पाहून मीही क्षणभर हरखलो होतो. खाली वाकून पाहिले, तर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे होती. दंतबुरशीच्या टोपीखाली छिद्रे किंवा पडदे नसतात, तर जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचे दाट काटे लोंबतात. म्हणून छायाचित्र वरून नव्हे, खालून काढावे.

चव घेऊन ओळख पटवू नये. ही बुरशी जहाल कडू आहे, आणि इथे सापडलेली भलतीच, कदाचित विषारी, निघू शकते. हायड्नेलम पेकीतील अ‍ॅट्रोमेंटिन हे द्रव्य रक्त गोठू देत नाही, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तेवढ्यावरून घरगुती औषध करणे हा निव्वळ आततायीपणा होय.

राहिली लागवड. धिंगरी अळंबी गव्हाच्या काडावर पोसते, म्हणून हिचेही बियाणे मागवून पिशव्या भरणाऱ्यांचे पैसे वाया जातात, कारण जिवंत मुळांशिवाय तिला फळ धरत नाही.