घरच्या घरी वॅक्सिंग: केस तुटू नये, मुळासकट निघावा

घरी केलेले वॅक्सिंग फसते तेव्हा दोष बहुधा वॅक्सचा नसतो. केस मुळासकट निघण्याऐवजी त्वचेलगत तुटलेला असतो आणि असा तुटका केस दोन-चार दिवसांतच खुंटासारखा टोचू लागतो. मुळासकट निघालेल्या केसाच्या जागी नवा केस दिसायला मात्र साधारण तीन ते चार आठवडे लागतात. पुढची बहुतेक खबरदारी केस तुटू नये यासाठीच आहे.

पहिली अट केसांच्या लांबीची. केस साधारण 6 मिलिमीटर वाढलेले असावेत. त्याहून आखूड केसांवर वॅक्सची पकड बसत नाही, आणि एक सेंटिमीटरहून लांब असतील तर ते कात्रीने थोडे कापून घ्यावेत, नाहीतर ओढताना विनाकारण दुखते. रेझर वापरत असाल तर शेवटच्या वापरानंतर दोन-तीन आठवडे धीर धरावा लागेल.

काहींनी मात्र वॅक्सिंगच्या वाटेला जाऊ नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा त्या बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्ससोबत त्वचेचा वरचा थरही निघून येऊ शकतो. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइनचे मलम लावलेल्या जागीही हाच धोका असतो. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उन्हाने भाजलेली त्वचा, जखम, तीळ, चामखीळ आणि फुगलेल्या शिरा या जागा सरसकट वगळाव्यात.

वॅक्स तयार मिळते, पण साखरेचे वॅक्स घरी करणे अवघड नाही, आणि ते पाण्याने धुऊन जात असल्यामुळे नवशिक्यांसाठी मला तेच बरे वाटते. दोन कप साखर, पाव कप लिंबाचा रस आणि पाव कप पाणी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. लिंबातल्या आम्लामुळे साखरेचे काही प्रमाणात विघटन होते आणि पाक गार झाल्यावर त्यात पुन्हा खडे धरत नाहीत, म्हणून रस वगळू नये. मिश्रणाला मधासारखा रंग आला की गार पाण्याच्या वाटीत त्याचा एक थेंब सोडावा. थेंब पाण्यात पसरला तर पाक अजून कच्चा आहे. बोटांत धरून त्याची मऊ, दबणारी गोळी झाली तर आच बंद करावी. टणक खडा झाला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम करावे. थर्मामीटर असल्यास 115 ते 120 अंश सेल्सिअस हा पल्ला लक्षात ठेवावा. हा पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि त्वचेला चिकटून राहतो, म्हणून तो किमान अर्धा तास निवू द्यावा आणि लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावा. तो कोमट लागला पाहिजे. चुकून भाजलेच, तर ती जागा वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरावी.

पहिल्यांदाच करत असाल तर एका लहानशा जागी करून चोवीस तास वाट पाहावी. पुरळ किंवा खाज आली नाही तरच पुढे जावे.

त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि तिच्यावर टाल्कम पावडरचा अगदी पातळ हात फिरवावा. घाम किंवा तेल राहिले तर वॅक्स घसरते. लाकडी पट्टीने केस वाढतात त्या दिशेने वॅक्सचा पातळ थर द्यावा, वर सुती कापडाची पट्टी ठेवून त्याच दिशेने दोन-तीनदा दाबून फिरवावी आणि पट्टीचे एक टोक धरायला मोकळे ठेवावे. आता दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी आणि पट्टी केसांच्या उलट दिशेने, त्वचेला जवळजवळ समांतर ठेवून, एका झटक्यात ओढावी. सगळी मेख या ओढण्यात आहे. सुरुवातीला मी घाबरत घाबरत पट्टी वरच्या बाजूला उचलत असे; पोटरीवर निळसर डाग उमटले आणि निम्मे केस जागच्या जागी राहिले. पट्टी ओढून झाली की लगेच तळहात त्या जागी दाबून धरावा, वेदना चटकन ओसरते. काखेत केस एकाहून अधिक दिशांना वाढतात, त्यामुळे तिथे लहान पट्ट्या घेऊन प्रत्येक भाग वेगळा करावा. एका जागी पुन्हा पुन्हा वॅक्स लावू नये. राहिलेले तुरळक केस चिमट्याने काढावेत.

नंतर कोमट पाण्याने चिकटपणा धुऊन गार पाण्याची घडी ठेवावी. पुढचे चोवीस तास गरम पाण्याची अंघोळ, पोहणे, कडक ऊन, डिओडरंट आणि घट्ट कपडे टाळावेत. बारीक लाल पुळ्या एक-दोन दिवसांत बसतात. त्या वाढल्या, दुखू लागल्या किंवा त्यांत पू झाला तर डॉक्टरांना दाखवावे. दोन-तीन दिवसांनी, आणि मग आठवड्यातून एक-दोनदा, ओल्या खरखरीत कापडाने त्वचा हलकेच चोळल्यास केस कातडीखाली वळून अडकण्याचा त्रास कमी होतो.

आठवड्याभरात काही केस वर आलेले दिसले तरी काही चुकले असे समजू नये. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. वॅक्सिंगच्या दिवशी जे कातडीखालीच होते, तेच आता वर येतात. त्यांच्यावर रेझर न फिरवता ते 6 मिलिमीटर होईपर्यंत वाढू द्यावेत.