मायक्रोवेव्हवरून आयनांचा वेग काढताना या चुका टाळा

दर रविवारी खानापूर आणि निपाणीहून एम.एस्सी.ची चार-पाच मुलं बेळगावात माझ्याकडे गणितं सोडवायला येतात. फ्यूजन प्लाझ्मात (अणुसंमीलनासाठी तापवलेल्या, आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत) गायरोट्रॉनचा, म्हणजे जोरदार मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या नळीचा, झोत सोडायचा, विखुरलेल्या लहरींची वारंवारता किती सरकली ते बघायचं आणि त्यावरून आयनांचा वेग काढायचा, हा त्यांचा आवडता विषय. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती कोनाची चूक. परवा एकीने विचारलं, "सर, अल्फा कणाची ऊर्जा निम्मीच कशी येते?" वही बघितली. 3.5 एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा) अल्फा, म्हणजे हेलियमचं केंद्रक, वेग सेकंदाला सुमारे 1.3 कोटी मीटर. 60 गिगाहर्ट्झची लहर त्याच्यावरून सरळ उलटी परतली, तर वारंवारता जवळपास 5.2 गिगाहर्ट्झने सरकते. तिच्या गणितात लहर 90 अंशांत वळली होती, सरकली 3.7 ने, सूत्र मात्र तिने उलट्या परतीचंच लावलं. उत्तर आलं 1.75 एमईव्ही.

विखुरलेल्या लहरीच्या तरंग-सदिशातून (लहरीची दिशा आणि तरंगलांबी सांगणाऱ्या बाणातून) सोडलेल्या लहरीचा सदिश आधी वजा करा. उरलेल्या सदिशाच्या दिशेतला वेग तेवढाच आपल्याला दिसतो. हायवेवरच्या स्पीड गनसमोरून गाडी आडवी गेली की आकडा पडतो, गाडी मात्र तेवढीच जोरात असते. म्हणून एकाच रिसीव्हरवरून आयनांच्या वेगांचं पूर्ण चित्र सांगू नका. दुसऱ्या दिशेचं माप जोडीला हवंच.

लहर विखुरतात ते इलेक्ट्रॉन, आयन नव्हेत. आयन आपल्याभोवती इलेक्ट्रॉनांचं वलय ओढत नेतो, त्याची खूण आपण वाचतो. त्यासाठी तरंगलांबी डिबाय लांबीपेक्षा (जेवढ्या अंतरापलीकडे एका कणाचा विद्युतभार भोवतालच्या कणांमुळे झाकला जातो, त्यापेक्षा) बरीच मोठी लागते. तप्त प्लाझ्मात डिबाय लांबी मिलिमीटरचा दहावा भागही नसते, त्यामुळे मायक्रोवेव्ह इथे शोभतात.

प्लाझ्मा स्वतःही मायक्रोवेव्ह फेकत असतो. गायरोट्रॉन चालू-बंद करत मोजा आणि लगतच्या बंद क्षणांची पार्श्वभूमी वजा करा. लांबच्या क्षणांची घेतली की फसलात. पल्सच्या सुरुवातीला गायरोट्रॉनची वारंवारता थोडी सरकते, ती नॉच फिल्टरच्या (गायरोट्रॉनचीच वारंवारता अडवणाऱ्या गाळणीच्या) पट्ट्याबाहेर गेली तर रिसीव्हरच धोक्यात येतो.

आणि सिग्नल आलाच नाही तर? आधी दोन्ही झोत, म्हणजे गायरोट्रॉनचा आणि रिसीव्हर जिथून लहरी टिपतो तो, एकमेकांना छेदतात का ते बघा. घनता वाढली की झोत वाकतात. कागदावर जुळलेली रेषा प्लाझ्मात जुळतेच असं नाही. रिसीव्हरचा आरसा थोडा थोडा फिरवत न्या, छेद सापडला की सिग्नल एकदम वर येतो.