भेग बुजायला पाणी लागतं: पीपीसी आणि स्लॅग सिमेंटच्या कामात या चुका टाळा

नव्या टाकीच्या भिंतीवर केसासारखी भेग दिसली, तिथून पाणी पाझरायला लागलं, की घरमालकाचा जीव खालीवर होतो. त्याच दिवशी टाकी रिकामी होते, गवंडी छिन्नीनं भेग उकरतो आणि वर सिमेंट चोळतो. साइटवर मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. भेग आपली आपण बुजत होती आणि आपणच तिचं पाणी तोडलं.

पीपीसी म्हणजे पोझोलाना सिमेंट. त्यात 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख) असते, स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग. तेवढं क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) वाचतं, म्हणून हवेत जाणारा कार्बनही कमी. हे कण फार सावकाश मुरतात. भेग पडते तेव्हा आत कोरे कण बरेच शिल्लक असतात. पाणी पोचलं की त्यांचं काम पुन्हा सुरू होतं. दुसरीकडे काँक्रीटमधला मोकळा चुना पाण्यात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून भेगेत चुनखडी धरतो. पण फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅग त्यातला बराच चुना आधीच खाऊन बसलेले असतात. म्हणून साध्या सिमेंटच्या (ओपीसीच्या) मानानं इथे पांढरा थर कमी आणि उशिरा दिसतो. दोन दिवसांत भेग बुजली नाही, तर लगेच सिमेंटला नावं ठेवू नका. टाकी दोन-तीन आठवडे भरलेली राहू द्या. पाण्याच्या टाक्यांच्या भारतीय मानकात, आयएस 3370 मध्येसुद्धा टाकी आधी 7 दिवस भरून ठेवतात, गळती त्यानंतर मोजतात.

पांढरी रेघ दिसली की तारेच्या ब्रशनं घासू नका. बोट ओलं करून चोळून बघा: विरघळली तर लोणा, कडक राहिली तर ती बहुधा चुनखडी, म्हणजे भेगेचं बूच.

रुंदी न मोजता वाट बघत बसणं हीही चूकच. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो. त्याची कड भेगेशेजारी धरा. एका कागदाएवढी भेग बुजण्याची आशा चांगली, दोन कागदांएवढी असेल तर जेमतेम, त्याहून रुंद असेल तर इंजिनिअरला विचारून इंजेक्शन ग्राउटिंग करा, म्हणजे भेगेत दाबानं भरण करून घ्या. गंजाचा तांबूस डाग, बीमवरची तिरकी भेग, दर महिन्याला वाढणारी भेग, यांना पाणी पाजून काही होत नाही. आणि बुजलेली भेग पाणी अडवते, तिनं ताकद परत आली असं धरून चालू नका.

मुळात भेगा कमी पडाव्यात म्हणून सुरुवातीचं पाणी, म्हणजे क्युअरिंग, चुकवू नका. पीपीसी, स्लॅग अशा मिश्र सिमेंटला काँक्रीटचं मानक आयएस 456 किमान 10 दिवस सांगतं, 14 दिवस दिले तर उत्तम. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला आणि दुपारी स्लॅब कोरडा पडला, तर ते क्युअरिंग नव्हे.

टाकी भरलेली असताना बाहेरच्या ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी ओल त्या रेघेच्या आत सरकलेली दिसली, तर छिन्नीला हात लावू नका.