चॅट ॲपचा इन्स्टॉलर बनवण्याआधी नुसता फोल्डर बनवून पाहा

इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या साधनावर) आधारलेले एआय चॅट ॲप सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधताना प्रत्येक छोट्या बदलानंतर पूर्ण इन्स्टॉलर तयार करण्यात बराच वेळ विनाकारण जातो.

१. ॲपला लागणारी पॅकेजेस आणताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा चालवावी, म्हणजे लॉकफाइलमध्ये (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) नोंदलेल्याच आवृत्त्या येतात.

२. इलेक्ट्रॉन-बिल्डर या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाला दोन डॅशनंतर ‘डीआयआर’ हा पर्याय (--dir) द्यावा. त्यामुळे इन्स्टॉलर न बनता चालवण्याजोगा फोल्डर तयार होतो. लिनक्सवर त्याचे नाव सहसा ‘लिनक्स-अनपॅक्ड’ असते.

३. त्यातले ॲप उघडून एक संभाषण साठवावे, ॲप बंद करून पुन्हा उघडावे आणि ते संभाषण दिसते का, हे पाहावे. संभाषणे एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या ॲपचे नेटिव्ह मॉड्यूल (यंत्रभाषेत रूपांतर केलेला भाग) इलेक्ट्रॉनऐवजी संगणकावरील नोडसाठी (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीसाठी) बांधले गेले असेल, तर ते इथेच अडते; अशा वेळी इलेक्ट्रॉन-बिल्डरची ‘इन्स्टॉल-ॲप-डेप्स’ ही आज्ञा चालवावी.

हे जमल्यावरच इन्स्टॉलर बनवावा, आणि मॅकसाठीचा मॅकवरच, कारण इलेक्ट्रॉन-बिल्डरमधून मॅक ॲपचे साइनिंग, म्हणजे त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही करणे, मॅकवरच होते.

मात्र एपीआय की (एआय सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेली ‘एन्व्ह’ ही सेटिंगची फाइल (.env) पॅकेजमधून आवर्जून वगळावी. ॲपचा कोड ज्यात बांधला जातो ती ‘असार’ फाइल कूटबद्ध नसते, ती कोणालाही सहज उलगडता येते.